बाळ झोपतं, मी जागीच

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचं पत्र आहे. बाळ नऊ आठवड्यांचं, पहिलंच, सिझेरियन झालेलं. सव्वा महिना बार्शीला माहेरी काढून त्या तीन आठवड्यांपूर्वी सासरी आल्या. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवारी येतो आणि रविवारी रात्री परत जातो. त्या लिहितात: "बाळ झोपतं, घर झोपतं, मी मात्र त्याच्या नाकाशी बोट धरून बसते. झोपायला गेले तरी डोळा लागत नाही, छाती धडधडते. भाजी चिरताना सुरी हातात घेतली की नको ते मनात येतं. बाळाला घेऊन गॅलरीत जात नाही, माझ्याच हातून खाली टाकलं गेलं तर? हे बोलले तर बाळ माझ्यापासून काढून घेतील. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी बाळंतीण महिन्याच्या आत विडी वळायला बसायची, तुमचं भलतंच. मी वेडी होतेय का? गोळ्या घेतल्या तर दूध बाधेल का?"

ताई,

आधी सरळ उत्तरं. तुम्ही वेड्या होत नाही आहात. बाळंतपणानंतरच्या या त्रासावर जी गोळी सहसा पहिल्यांदा देतात, ती घेऊनही अंगावर पाजता येतं. आणि जो प्रश्न तुम्ही थेट विचारला नाही पण पत्रभर दिसतो, की माझ्या हातून बाळाला काही होईल का, त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तो विचार आला की तुमच्या अंगाला कापरं भरतं, तुम्ही सुरी बाजूला ठेवता, गॅलरीचं दार टाळता. ज्या बाईला खरंच इजा करायची असते, ती असं वागत नाही.

नव्या आयांना विचारून जे अभ्यास झाले आहेत, त्यांत जवळपास सगळ्याच जणींनी सांगितलं आहे की बाळ गुदमरेल, हातून पडेल असे विचार मनात चमकून जातात. साधारण निम्म्या जणींनी तर आपणच बाळाला काही करून बसू असाही विचार येऊन गेल्याचं सांगितलं आहे. बहुतेकींच्या मनातून तो आला तसा निघून जातो. मन थकलेलं आणि झोप तुटलेली असली की मात्र तो अडकतो. राखणीचं कुत्रं पान हललं तरी भुंकावं, तसं मन प्रत्येक गोष्टीवर भुंकायला लागतं. आपण घाबरून त्याची समजूत काढत बसलो की त्याला वाटतं, धोका खराच होता. दुसऱ्या रात्री ते जास्त भुंकतं.

पत्रावरून निदान करता येत नाही. पण तुम्ही लिहिलं आहे ते चित्र बाळंतपणानंतरच्या चिंतेच्या आजाराचं आहे, त्याला मंत्रचळाची म्हणजे ओसीडीची (नको असलेले विचार परत-परत येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं) जोड दिसते, आणि बरोबर थोडं नैराश्यही असू शकेल. हे तिन्ही बऱ्याचदा हातात हात घालून येतात. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास जे उगाच रडू येतं, पाचव्या दिवशी वाढतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं, ते हे नव्हे. ते निम्म्याहून जास्त बाळंतिणींना होतं आणि त्याला औषध लागत नाही. तुमचे दोन आठवडे केव्हाच उलटले. "होईल बरं हळूहळू" म्हणून वाट बघण्याची वेळ संपली आहे, एवढं मात्र आम्ही ठामपणे म्हणू. आणि यात तुम्ही एकट्या नाही. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १०० पैकी साधारण २२ बाळंतिणींमध्ये नैराश्य आढळलं होतं. तुमच्या सासूबाईंच्या काळातही ते होतंच. विडीच्या पानांवर मान खाली घालून रडलेल्या बायकांची नोंद कुणी ठेवली नाही, एवढाच फरक.

आता एक वेगळी आणि गंभीर गोष्ट, जी तुमच्यात दिसत नाही, पण घरातल्यांना माहीत असायला हवी. दर हजार बाळंतपणांत एक-दोन जणींना प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार होतो. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत आणि अचानक सुरू होतो. बाई दोन-दोन रात्री झोपत नाही आणि तिला झोप नकोच असते. ती भरकटल्यासारखं बोलते. कानात आवाज येतात. बाळ बदललं आहे, त्याच्यात देव किंवा सैतान आला आहे, त्याला संपवणंच त्याच्या भल्याचं आहे, असं तिला पक्कं पटलेलं असतं. तुम्हाला विचाराची भीती वाटते. तिला तो विचार बरोबर वाटतो. फरक ओळखायची खूण हीच. असं दिसलं तर त्या बाईला बाळाजवळ एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. उद्या सकाळी बघू, अमावस्या होऊन जाऊ दे, असं नाही. गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा.

आणि तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारा. मी नसते तर सगळ्यांचं बरं झालं असतं, असं गेल्या आठवड्याभरात मनात आलं का? आलं असेल तर कितीदा, आणि कसं करायचं याचाही विचार झाला का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. दुसऱ्याचंही हो असेल तर आजच, कुणाला तरी बरोबर घेऊन. घरात ठेवलेल्या गोळ्या, उंदराचं किंवा शेतीचं औषध दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

झोप, सगळ्यात आधी

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत जे आज रात्रीपासून सुरू करता येईल, ते म्हणजे झोप. "बाळ झोपलं की तूही झोप" हा सल्ला तुम्हाला दहा जणींनी दिला असेल. चिंतेच्या आजारात तो चालत नाही, कारण बाळ त्याच खोलीत असेपर्यंत कान त्याच्या श्वासाकडेच राहतात. त्यातून पाऊण-पाऊण तासाचे तुकडे मिळतात. मनाला सावरायला लागते ती सलग झोप, निदान चार ते पाच तास, आणि त्या वेळात बाळाची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी.

तुमच्या घरात हे असं बसवता येईल. रात्री नऊच्या सुमारास बाळाला पाजा. त्यानंतर एकदा दूध काढून ठेवा आणि साडेनऊला दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. बाराच्या सुमाराचं दूध सासूबाईंनी वाटी-चमच्याने पाजायचं. दोनला बाळ उठलं की ते तुमच्याकडे. शनिवारी रात्री हे काम नवऱ्याचं, आणि ते पूर्ण रात्रीचं. पुण्याहून दमून आला आहे हे खरं, पण आठवड्यातली ती एकच रात्र आहे.

दूध काढायला पंप असलाच पाहिजे असं नाही. हात साबणाने धुवा. अंगठा आणि पहिली दोन बोटं स्तनाग्रापासून साधारण दीड इंच मागे, काळ्या भागाच्या कडेला ठेवा. आधी छातीच्या दिशेने आत दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवर घासायची नाहीत, पुढे ओढायचं नाही. दूध निघायला एक-दोन मिनिटं लागतात. धार कमी झाली की बाजू बदला. दोन्हीकडे मिळून पंधरा-वीस मिनिटं धरा. पाच किलोच्या बाळाला एका वेळेला ८० ते ९० मिली पुरतं. सुरुवातीला ३०-४० मिलीच निघेल. तेवढ्याने "मला दूधच नाही" असा निष्कर्ष काढू नका. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर काढलंत तर जास्त मिळतं, आणि दोन वेळचं मिळून एका रात्रीचं भागतं.

दूध काढायची आणि पाजायची भांडी दहा मिनिटं उकळलेली असावीत. काढलेलं दूध चार तास बाहेर टिकतं असं सांगतात, पण ते पंचवीस अंशांच्या आसपासच्या खोलीसाठी. आपल्याकडे मार्चनंतर घरात तेवढं कमी तापमान पहाटेही नसतं, म्हणून ते लगेच फ्रीजमध्ये ठेवा, दारात नाही, आतल्या कप्प्यात. तिथे चार दिवस चालतं. पाजताना वाटी गरम पाण्यात धरून कोमट करा. गॅसवर ठेवायचं नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या. आणि दूध काढणं हीच नवी चिंता व्हायला लागली, मिली मोजत बसायला लागलात, तर त्या एका वेळेला डॉक्टरांना विचारून वरचं दूध द्या. एका वेळच्या वरच्या दुधाने बाळाचं काही बिघडणार नाही. आईची झोप बिघडली तर मात्र दोघांचं बिघडतं.

दुपारी चारनंतर चहा बंद करा, दिवसाचे दोन कप पुरे. आणि रात्री बाळाला काय-काय होऊ शकतं ते मोबाइलवर शोधत बसणं तर पूर्ण बंद. ते वाचन औषधाच्या बरोबर उलटं काम करतं.

नाकाशी बोट धरणं कसं सोडायचं

हे एकदम सोडता येत नाही, आणि झोप थोडी सावरल्याशिवाय सुरूही करू नका. पहिले चार-पाच दिवस सलग झोप मिळाली की मग करा.

आधी बाळाची झोपायची जागा एकदा नीट करा, म्हणजे परत-परत बघण्याचं खरं कारणच उरत नाही. बाळ पाठीवर, कडक गादीवर, वेगळं, पण त्या वेळी ते ज्यांच्याकडे असेल त्यांच्याच खोलीत. डोक्याखाली मोहरीची उशी नको, शेजारी गोधडीचा लोड नको, सोलापुरी चादर कितीही मऊ असली तरी तोंडाजवळ नको. उन्हाळ्यात घरात टोपी-मोजे नकोत, एक सुती झबलं पुरतं. साडेनऊला हे सगळं एकदा बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "बघितलं." त्यानंतरचं प्रत्येक बघणं आजारासाठी आहे, बाळासाठी नाही.

मग एक रात्र नुसतं मोजा. किती वेळा उठून श्वास बघितला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा ओढा. समजा वीस झाल्या. दुसऱ्या रात्रीपासून लक्ष्य वीसवरून शून्याचं नाही, पंधराचं. उठावंसं वाटलं की लगेच उठायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं. छातीत धडधड वाढेल, ती वाढू द्या. काही वेळाने ती स्वतःच खाली येते, आणि हे मनाला कळणं हाच उपचार आहे. पाचाची दहा मिनिटं करा. त्या वेळात हवं तर चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा. सोडणं लांब असलं पाहिजे. श्वासाने चिंता पळवून लावायची नाही, फक्त थांबायला मदत घ्यायची.

इथे एक चूक हमखास होते. बाई उठून बघणं कमी करते, पण त्याऐवजी नवऱ्याला फोन करून "बाळ ठीक असेल ना, मी काही करणार नाही ना" असं दहादा विचारते. ते बघण्याचंच दुसरं रूप. नवऱ्याने पहिल्यांदा उत्तर द्यावं. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणावं, "हे आजार विचारतोय, मी उत्तर देत नाही. तू माझ्याशी दुसरं काही बोल." थोडं कठोर वाटेल, पण उपयोगाचं आहे.

सुरी आणि गॅलरीचंही तसंच आहे. सगळ्या सुऱ्या उचलून माळ्यावर टाकल्या की दोन दिवस बरं वाटतं. मग विळी दिसते, मग कात्री, मग ओढणी. टाळण्याची यादी संपत नाही. उलट दिशेने, छोट्या पायऱ्यांनी जायचं असतं. आधी बाळ शेजारच्या खोलीत असताना भाजी चिरायची, मग बाळ त्याच खोलीत पण लांब, असं. ही शिडी मात्र मानसोपचारतज्ज्ञांनी किंवा मानसशास्त्रज्ञांनी तुमच्याबरोबर बसून ठरवावी. पत्रातून दिलेल्या पायऱ्यांनी ती चढू नका. आधी म्हटलेली मरणाच्या विचाराची खूण असेल, तर हा भाग डॉक्टरांना भेटेपर्यंत बाजूलाच ठेवा.

कुणाला दाखवायचं, काय सांगायचं

सोलापुरात खाजगी मानसोपचारतज्ज्ञ आहेतच. पैशांची अडचण असेल किंवा फार गवगवा नको असेल तर सिव्हिल, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं सर्वोपचार रुग्णालय. तिथे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. गर्दी असते, बाळाला घेऊन तिथे ताटकळू नका. बाळ घरी ठेवून, दूध काढून, कुणाला तरी बरोबर घेऊन जा. मानसोपचार हा शब्द घरात जड जात असेल तर पहिली पायरी तुमचे प्रसूतीचे डॉक्टर. पुढच्या आठवड्यात बाळाचा दहा आठवड्यांचा डोस आहे, त्या वेळी लस देणाऱ्या सिस्टरांशी बोललात तरी चालेल. सगळ्यात वाईट म्हणजे औषधाच्या दुकानातून "झोपेची एक साधी गोळी" आणणं. त्या गोळ्या दुधातून उतरून बाळाला सुस्त करू शकतात, आणि तशी गोळी घेऊन बाळाशेजारी झोपणं धोक्याचं आहे.

डॉक्टरांसमोर बसलं की बायका म्हणतात, "जरा झोप येत नाही," आणि उठून येतात. म्हणून हे वाक्य कागदावर लिहून न्या आणि बोलता नाही आलं तर तो कागद पुढे करा: "बाळाला माझ्या हातून इजा होईल असे विचार मनात येतात. मला ते नको आहेत, त्यांची भीती वाटते, मला तसं करायचं नाही. ते टाळायला मी अमुक-अमुक करते." हे वाक्य नेमकं सांगितलं तर डॉक्टर आजार ओळखतात. "मला बाळाला मारावंसं वाटतं" असं तुटक सांगितलं तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. बरोबर डिस्चार्ज कार्ड, चालू औषधं, काढे आणि आसवं-अरिष्टं यांची यादी न्या. अरिष्टांत थोडं मद्यार्क तयार झालेलं असतं, म्हणून तीही सांगायची. तुम्हाला किंवा माहेरच्या कुणाला पूर्वी अति-उत्साहाचे, बिनझोपेचे, उधळपट्टीचे झटके आले होते का, हे आठवून जा. तसा इतिहास असेल तर नैराश्याची साधी गोळी एकटी देत नाहीत, औषध बदलतं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिनबरा नावाची एक प्रश्नावली आहे, १९८७ पासून जगभर वापरात असलेली. मागच्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ती मागून घ्या. एकूण दहा किंवा जास्त आलं तर पुढची तपासणी करतात आणि तेरा किंवा जास्त आलं तर नैराश्याची शक्यता बरीच मानतात. तुमच्यासारख्या चिंतेच्या रुग्णाची बेरीज कधीकधी कमीच येते. म्हणून तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न, जे स्वतःला दोष देण्याचे, काळजीचे आणि भीतीचे आहेत, त्यांचे गुण वेगळे बघायला सांगा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याचा आहे. त्याला शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज कितीही असो, तो डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

रक्ताच्या दोन तपासण्या आधीच करून नेल्या तर एक फेरी वाचेल: हिमोग्लोबिन आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-बाराही. धडधड, घाम आणि झोप न येणं हे बाळंतपणानंतर बिघडलेल्या थायरॉइडनेही होतं. पहिल्या काही महिन्यांत ती ग्रंथी जास्त काम करते आणि नंतर कमी. त्यातलं पहिलं चिंतेसारखं दिसतं, दुसरं नैराश्यासारखं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, पण सिझेरियनचे टाके निघाले की त्या कपाटात पडून राहतात. रोज एक घ्या, चहाबरोबर नको आणि कॅल्शियमबरोबरही नको. दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

गोळीचं म्हणाल तर अंगावर पाजणाऱ्या आईला बऱ्याचदा सर्ट्रालिन देतात. सुरुवात साधारण २५ किंवा ५० मिलिग्रॅमने होते. दुधात तिचं फार थोडं प्रमाण उतरतं. तरी बाळ नेहमीपेक्षा जास्त सुस्त, चिडचिडं झालं किंवा नीट ओढत नसेल तर डॉक्टरांना कळवायचं. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, पातळ शौच आणि कधीकधी धडधड थोडी वाढल्यासारखी वाटते. नेमक्या याच दिवसांत बऱ्याच जणी "मानवली नाही" म्हणून गोळी सोडतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो. मंत्रचळाच्या विचारांना त्याहून जास्त, आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि डोसही वाढवावा लागतो. बरं वाटल्यावर निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड आणि झोप उडणं असा त्रास होतो. लोक त्याला "गोळीची सवय लागली" म्हणतात, पण तशी ओढ या गोळीची लागत नाही. मात्र अस्वस्थता पहिल्या दिवसांत फारच वाढली किंवा मरणाचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा.

बाळ काढून घेतील ही भीती. असे नको असलेले विचार आले म्हणून बाळ हिरावून घेत नाहीत. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिलं आहे की मनोरुग्णालयात दाखल असलेल्या आईपासूनही तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये. बाळाला धोका वाटला तरच तात्पुरतं वेगळं ठेवतात, आणि तो निर्णयही वरचेवर तपासायचा असतो. तुमच्यावर तर दाखल होण्याची वेळही बहुधा येणार नाही.

घरात

सासूबाईंशी "मला नैराश्य आलं आहे" या शब्दांत बोलून फारसं काही साधणार नाही. "आई, मला तीन आठवडे सलग झोप नाही, छाती धडधडते, रक्त तपासून घ्यायचं आहे, रात्रीचं बाराचं दूध तुम्ही पाजाल का?" हे त्यांना कळेल आणि करता येईल. ज्या बाईने बाळंतपणात विड्या वळल्या, तिला काम नेमून दिलं की ती करते. सल्ला द्यायला सांगितलं की ती सल्लाच देत बसते. दृष्ट काढायची तर काढू द्या, त्याने कुणाचं काही जात नाही. फक्त अंगारा बाळाच्या तोंडात नाही, आणि गोळीच्या बदल्यात गंडा नाही.

शेगडीबद्दल मात्र आम्ही ऐकून घेणार नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला वास नसतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या. सोलापूरच्या उन्हात कान बांधून, पाणी तोडून बसलेल्या बाळंतिणीला नुसत्या उकाड्यानेच अस्वस्थ व्हायला होतं. तहान लागेल तेवढं पाणी प्या. अळिवाचे लाडू खा, भाकरी-वरण खा, पण जेवण उष्टं-माष्टं उभ्याने नको. ऊन उतरलं की सहानंतर वीस-पंचवीस मिनिटं चालून या. कंबर तलावापर्यंत जमलं तर उत्तम, नाहीतर कॉलनीतच. सुरुवातीला बाळाशिवाय.

तुमच्या नवऱ्यासाठी तीन कामं: हे पत्र वाचणं, पहिल्या तपासणीला स्वतः रजा काढून येणं, आणि येत्या महिनाभर तुमच्या आईला किंवा बहिणीला बार्शीहून बोलावून घेणं. "मी तिकडे जाऊन काय करू" हा प्रश्न त्याने विचारू नये. त्याचं स्वतःचंही बघावं, कारण दहातल्या एखाद्या नव्या बापालाही या काळात नैराश्य येतं. पुरुषांत ते बऱ्याचदा चिडचिड आणि दारू या वेशात येतं.

नोकरीचा उल्लेख तुम्ही केला नाही, तरी कामावर असाल तर: दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बाळंतपणामुळे आलेल्या आजारासाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मागता येते. हा दाखला पहिल्या तपासणीतच मागून ठेवा. रजा संपायच्या आठवड्यात धावपळ होते.

एक शक्यता राहते. डॉक्टरांनी घाईत "असं होतंच, लक्ष देऊ नका" म्हणून परत पाठवलं तर वाद घालू नका. एवढंच म्हणा: "हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे आणि बाळाला इजा होण्याचे विचार येतात. मला मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्या." चिठ्ठी नाही मिळाली तरी सिव्हिलच्या त्या ओपीडीत थेट केसपेपर काढता येतो. तोही दिवस जमला नाही तर १४४१६ वर बोलून ते जवळ कुठे दाखवायचं सांगतात ते लिहून घ्या, आणि त्याच आठवड्यात जा.